शमा ते सेफेर : तोरा शिकण्याचे टप्पे आणि आपले बेने इस्राएल

एका शिक्षकाकडे पंचवीस मुले. चाळीस झाली तर गावाच्या खर्चाने मदतनीस द्यायचा, पन्नास झाली तर दुसरा शिक्षक नेमायचा. हा नियम 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातला नाही. तो ज्यूंच्या तालमूद या ग्रंथातला आहे आणि त्याला दीड हजार वर्षे होऊन गेली आहेत. आपल्या कायद्याने प्राथमिक शाळेत तिसांमागे एक शिक्षक ठरवला, तोही कागल तालुक्यातल्या किती वाड्यावस्त्यांवर प्रत्यक्षात मिळतो हा वेगळा विषय. तालमूद याच ठिकाणी यहोशुआ बेन गामला नावाच्या पहिल्या शतकातल्या महायाजकाची आठवण काढतो. गावोगावी शिक्षक बसवायचे आणि सहा-सात वर्षांची मुले त्यांच्याकडे धाडायची, ही व्यवस्था त्याने लावली. त्याआधी बाप शिकवील तेवढेच शिक्षण होते आणि ज्याला बाप नाही तो तसाच राहायचा.

ज्यू समाजात मुलाच्या शिक्षणाचे सोहळे एवढे का होतात, याचे उत्तर इथून शोधायला हवे. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. ते वाचता येणे ही पुरोहिताची मिरास न राहता प्रत्येक घरची बाब झाली आणि मग मूल कुठवर आले हेही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहू लागले. मिश्ना या जुन्या धर्मनियमसंग्रहातल्या एका प्रसिद्ध वचनात वयाचा हिशेबच मांडलेला आहे : पाचव्या वर्षी धर्मग्रंथ, दहाव्या वर्षी मिश्ना, तेराव्या वर्षी धर्माज्ञांची जबाबदारी, पंधराव्या वर्षी तालमूद. आजच्या ज्यू प्राथमिक शाळांतले समारंभ ढोबळपणे याच वाटेने जातात. पहिलीच्या सुमारास मुलाला स्वतःचे प्रार्थनापुस्तक, म्हणजे सिद्दूर मिळते. त्यानंतर हुमाश, म्हणजे तोराची छापील प्रत. वरच्या इयत्तांत मिश्ना. प्रत्येक वेळी छोटा कार्यक्रम असतो : मुले गाणी म्हणतात, डोक्यावर कागदी मुकुट असतात, आजी-आजोबा पहिल्या रांगेत आणि शेवटी खाऊ.

यात माझे लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीने. समारंभ पुस्तक संपल्याचा नसून पुस्तक हाती आल्याचा असतो. मुलाला अजून धड वाचता येत नाही, तोवरच त्याला त्या पुस्तकाचा धनी करून टाकतात. मध्ययुगीन जर्मनी-फ्रान्समधल्या ज्यूंत तर शावुओतच्या सणाला लहानग्याला चादरीत गुंडाळून गुरुजींच्या मांडीवर नेऊन बसवत. पाटीवर हिब्रू अक्षरे लिहून त्यांवर मध लावलेला असे, मुलाने तो चाटायचा. शिवाय वचने लिहिलेल्या पोळ्या आणि उकडलेली अंडी. बारा-तेराव्या शतकांतल्या ग्रंथांत या विधीची वर्णने आहेत आणि एका हस्तलिखितात त्याचे चित्रही आहे. वाचनाची सुरुवात मात्र सृष्टीच्या उत्पत्तीने होत नसे, आदाम-हव्वेच्या गोष्टीनेही नसे. सुरुवात होई ती तिसऱ्या ग्रंथाने, म्हणजे होमबली आणि शुद्धीच्या नियमांनी. कारण असे देत की मुले निर्मळ, आणि हा विषयही निर्मळतेचा. अध्यापनशास्त्राच्या कसोटीवर हा क्रम उतरेल असे मला वाटत नाही. जगातल्या सर्वांत रंगतदार गोष्टी पहिल्या ग्रंथात असताना मुलाला आतडी आणि चरबीचे नियम वाचायला लावायचे, याला धीर लागतो.

खाऊ-बक्षिसांच्या बाबतीत बाराव्या शतकातला ज्यू पंडित मैमोनिदेस सडेतोड लिहून गेला आहे. मिश्नावरच्या भाष्यात तो म्हणतो की लहान मुलाला शिकण्याची गोडी नसते, म्हणून गुरुजी त्याला अक्रोड, अंजीर, थोडा मध देतात. मोठे झाले की चांगले जोडे आणि कपडे. मग पैसे. पुढे मान आणि अधिकारपदाचे आमिष. आणि या सगळ्याला तो मनाचा कमकुवतपणा म्हणतो. शिकणे हेच शिकण्याचे फळ व्हावे, हे त्याचे मत. पण लालूच काढून टाका असे काही तो म्हणत नाही. मूल तिथवर पोहोचेपर्यंत तिचा उपयोग आहे हे त्याला मान्य आहे. हुमाश मिळाल्याच्या कार्यक्रमात मुकुट किती चमकदार आणि केक किती मजली, यावर आज अमेरिकेतल्या ज्यू पालकांत कुरकुर चालते. त्या कुरकुरीत नवे काही नाही.

मोठ्यांचा सोहळा तो सिय्यूम. मिश्नाचा एखादा विभाग किंवा तालमूदचा एखादा ग्रंथ संपला की शेवटच्या ओळी मंडळींसमोर वाचतात. मग त्या ग्रंथालाच उद्देशून एक प्रार्थना म्हणतात : आम्ही तुझ्याकडे परत येऊ. त्यानंतर दहा पुरुषांच्या उपस्थितीत कद्दीश ही स्तुतिप्रार्थना एका विशेष रूपात आणि जेवण. वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तमधून सुटल्याच्या सणाच्या, आदल्या दिवशी ज्येष्ठ पुत्रांना उपास असतो, पण सिय्यूमच्या जेवणाला बसले की तो सुटतो. त्यामुळे त्या सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, कोणाचा तरी ग्रंथ हमखास संपतो. 1923 साली रब्बी मेइर शापिरो यांनी तालमूदचे रोज एक पान वाचण्याचा उपक्रम सुरू केला. 2711 पाने, साडेसात वर्षांच्या आसपास एक फेरी. तेरावी फेरी संपली तेव्हा, जानेवारी 2020 मध्ये, न्यू जर्सीच्या फुटबॉल मैदानावर नव्वद हजारांच्या घरात माणसे जमली होती. चौदावी फेरी लगेच सुरूही झाली.

आमच्या बिद्री-मुदाळतिट्टा भागात ज्ञानेश्वरीचे पारायण बसते, सात दिवस वाचन चालते, काल्याचे कीर्तन होते, महाप्रसाद होतो आणि पोथी वर्षभर कापडात जाते. ज्यूंकडे सिमहात तोराच्या दिवशी पाचव्या ग्रंथाचा शेवट वाचला की त्याच बैठकीत पहिल्या ग्रंथाची सुरुवात वाचतात. दोन वाचनांच्या मध्ये पोथी बांधून ठेवायची फुरसतच ठेवलेली नाही. त्या दिवशी अनेक सिनेगॉगांत सगळ्या लहान मुलांना एका मोठ्या शालीखाली उभे करून एकत्र आशीर्वाद देतात. एरवी तेरा वर्षांखालच्या मुलाला वाचनासाठी पुढे बोलावत नाहीत. ती वाट त्या एका दिवशी मोकळी होते.

आता मराठी मुलुखाकडे वळतो, कारण तोरा शिकण्याच्या या वाटचालीचे सर्वांत विलक्षण उदाहरण आपल्याकडे आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. कोल्हापूरकडे सिनेगॉग नाही. आपल्या बाजूची माणसे पुण्यातले लाल देऊळ, म्हणजे तिथले सिनेगॉग, बाहेरून पाहतात आणि पुढे जातात. पण कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, शतकानुशतके मराठी बोलत आले. समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेलघाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. केहीम, रोहे, पेण, दिवे, चौल, राजपुरी या गावांवरून आडनावे पडली. सुंता होती, शनिवारची विश्रांती होती, खाण्यापिण्याचे काही नियम होते आणि शमा ही एक प्रार्थना होती. जन्म, लग्न, मृत्यू, सगळीकडे तीच. तोराची पोथी मात्र नव्हती. हिब्रू वाचणारा माणूसही नव्हता.

पंचवीस मुलांमागे एक शिक्षक हा नियम मानणाऱ्या धर्माची ही शाखा कित्येक पिढ्या एकही शाळा आणि एकही पुस्तक नसताना टिकली. शिक्षणाशिवाय यहुदी धर्म नाही असे ठासून सांगणाऱ्यांनी या गोष्टीकडे जरा थांबून पाहायला हवे. सण होते, पण त्यांना कोकणी नावे होती : नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. ज्या सणांना मुळात पुस्तक लागते, त्यांना मात्र या जुन्या पंचांगात जागा नव्हती. सिमहात तोरा पुढे आला, तोराच्या पाठोपाठ.

तोरा आली ती मुंबईत. सॅम्युएल इझिकेल दिवेकर कंपनीच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी 1796 साली मांडवी भागात शार हारहामिम हे सिनेगॉग बांधले. त्या गल्लीला आज सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. इमारत झाली तरी सेफेर तोरा, म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेली गुंडाळी, कोकणात मिळण्यासारखी वस्तू नव्हती. ती आणायला दिवेकर कोचीनला गेले आणि 1797 मध्ये तिथेच वारले, असे समाज सांगतो. पुढच्या काही दशकांत कोचीनहून शिकवणारे लोक आले. त्यांतल्या शेलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव समाज अजून आदराने घेतो. प्रार्थना कशी चालवायची, पोथी कशी उघडायची, सणाला काय म्हणायचे, हे मोठ्या माणसांनी मुलांबरोबर बसून शिकून घेतले. पन्नाशीचा तेलघाणेवाला आणि त्याचा सात वर्षांचा नातू एकाच इयत्तेत.

हे शिकणे सोपे नव्हते. सेफेरमध्ये स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात, गाण्याच्या खुणाही नसतात. देवनागरीतले सगळे काने, मात्रे, वेलांट्या आणि उकार पुसून टाकले तर ‘कल’ हे काल आहे, की कल, की कूल, की आणखी काही, हे वाचणाऱ्याने आधीच जाणलेले असावे लागते, तसे. त्यातून ओळ उजवीकडून डावीकडे. तेरा वर्षांचा मुलगा बार मित्सवाला, म्हणजे धर्माज्ञांची जबाबदारी घेण्याच्या सोहळ्याला, पुढे येतो, तेव्हा छापील पुस्तकात स्वरांच्या टिंबांसकट महिनोन्‌महिने घोकलेला भाग त्याला टिंबे नसलेल्या गुंडाळीतून वाचायचा असतो. हातात चांदीचा दर्शक असतो, कारण चर्मपत्राला बोट लावायचे नाही. शेजारी हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, उभा, चूक झाली की तिथेच मोठ्याने दुरुस्त करणार. सोहळा म्हणावे तर हाच. मुलाला प्रमाणपत्र मिळत नाही. त्याचे वाचन लोकांनी ऐकलेले असते, तेवढे पुरते.

हिब्रूचे व्याकरण मराठीतून पहिल्यांदा छापले ते मात्र एका ख्रिस्ती मिशनऱ्याने. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले आणि 1832 साली त्यांचे मराठीतले हिब्रू व्याकरण निघाले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले मोठ्या संख्येने बसत. जुना करार मराठीत आला तेव्हा आपल्याच पूर्वजांच्या कथा या लोकांनी पहिल्यांदा आपल्या भाषेत वाचल्या. विल्सन यांचा हेतू उघड होता, धर्मांतराचा. फळ उलटे आले. बाटलेले थोडे, अक्षरओळख आणि ग्रंथओळख झालेले पुष्कळ, आणि ती ओळख त्यांनी थेट सिनेगॉगमध्ये नेली. अव्वल इंग्रजीतल्या मिशनरी शाळांचा इतिहास लिहिताना आपण धर्मांतरितांची यादी करतो. ही बाजू त्या यादीत कुठे बसत नाही.

1846 साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा हिब्रू-मराठीत शिळाछापावर निघाली. 1874 ची पुण्याची हग्गादा तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तिच्यातली काही चित्रे युरोपातल्या जुन्या प्रतींवरून घेतलेली, पण बेखमीर भाकऱ्या भाजणाऱ्या बायका आपल्याकडच्या लुगड्यात. इजिप्तमधून सुटल्याची गोष्ट मुलाने विचारायची आणि बापाने सांगायची असते. इथे ती पुणे कॅम्पातल्या माजघरात घडल्यासारखी दिसते. पाठ्यपुस्तकांच्या इतिहासात या पुस्तकाला जागा मिळायला हवी होती, ती मिळालेली नाही.

जोसेफ इझिकेल राजपुरकर हे या काळातले मधले खांब. डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनमध्ये 1856 ला ते साहाय्यक शिक्षक झाले, 1861 ला मुख्याध्यापक, आणि चाळीस वर्षे ते काम पाहिले. प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. 1871 पासून मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. कोचीनच्या गुरुजींकडून अक्षरे गिरवलेल्या समाजातला माणूस दोनएक पिढ्यांत विद्यापीठाचे पेपर तपासू लागला.

समाजाची स्वतःची शाळा आणखी पुढची. हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1875 साली मुंबईत इस्राएली शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने मदत केली. इंग्रजी, मराठी आणि हिब्रू एका छपराखाली आले. याच केहीमकरांनी समाजाचा इतिहास 1897 पर्यंत लिहून काढला, तो 1937 ला तेल अवीवमध्ये छापून निघाला, लेखक हयात नसताना. शाळा माझगावात स्थिरावली आणि 1930 च्या दशकात देणगीदाराच्या नावाने सर एली कदूरी शाळा झाली. 1922 ते 1950 अशी अठ्ठावीस वर्षे तिच्या मुख्याध्यापिका रेबेका रूबेन होत्या. 1905 च्या मॅट्रिकला त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या. सारा शेनिरेर यांनी क्राकोव्हमध्ये मुलींसाठी धर्मशिक्षणाची शाळा काढली ती 1917 ची, आणि अमेरिकेतला गाजलेला पहिला बात मित्सवा, म्हणजे मुलीचा तसाच सोहळा, 1922 चा. ज्यू जगात मुलींना तोरा शिकवावी का, यावर खल चालू असताना माझगावातल्या ज्यू शाळेच्या प्रमुखपदी एक स्त्री होती. तोराच्या गुंडाळीपुढे ती उभी राहू शकत नव्हती हे खरे. पण ती गुंडाळी वाचायला निघालेली मुले तिच्या हाताखालून जात होती.

शाळेबाहेर एक वेगळीच पाठशाळा चालू होती, तिचे नाव कीर्तन. 1880 च्या सुमारास बेने इस्राएलांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले. बेंजामिन सॅमसन अष्टमकर आणि डेव्हिड हाईम दिवेकर हे त्यातले पुढारी. नारदीय कीर्तनाचा साचा तसाच, आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. साकी, दिंडी, आर्या, ओवी, मध्ये गद्य निरूपण. योसेफाला भावांनी विकले हा प्रसंग बाजाच्या पेटीवर आणि तबल्यावर ऐकलेल्या पोराला हुमाशचे ते पान पुन्हा शिकवावे लागत नसणार. ज्यू शिक्षणाच्या जागतिक इतिहासात याला तोड नाही असे माझे मत आहे. बगदादी आणि कोचीनच्या ज्यूंकडून या लोकांनी पोथी घेतली, पण ती मुलांच्या गळी उतरवायचा मार्ग त्यांनी विठोबाच्या देवळातून उचलला आणि त्यात त्यांना काही अवघड वाटले नाही.

तसाच मलिदा. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा. भोवती फळे, सोबत सुगंधी डहाळी. एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, गीत म्हणायचे, फळांचा, जमिनीच्या पिकाचा, सुवासाचा असा एकेक आशीर्वाद म्हणायचा आणि ताट फिरवायचे. नवस फिटला, घर झाले, लग्न ठरले, मुलगा परीक्षेत उतरला की मलिदा. अमेरिकी शाळेचा केक जिथे येतो तिथेच आपल्याकडे हे ताट येते. फरक असा की मलिदा घरच्यांनी करायचा असतो. शाळेने तो केला तर तो मलिदा उरत नाही.

माझा मुद्दा इथे येतो. इतर ज्यू समाजांत शाळा, सिनेगॉग आणि घर ही तिन्ही एकदम वारशात मिळतात. बेने इस्राएलांकडे ती एकामागून एक आली : आधी घर, मग 1796 ला सिनेगॉग, शेवटी 1875 ला शाळा. आणि ओहोटी लागली तेव्हा जे शेवटी आले ते आधी गेले. 1948 नंतर इस्राएलला जाण्याची रीघ लागली. तेव्हा हा समाज वीस हजारांच्या आसपास होता; 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ज्यू म्हणून नोंदलेले लोक सुमारे अडीच हजार. कदूरी शाळा चालू आहे, भायखळ्याची जेकब ससून शाळाही चालू आहे, पण वर्गांत बहुसंख्य मुले मुसलमान. शाळा बंद पडण्यापेक्षा हे कितीतरी चांगले झाले. आजूबाजूच्या वस्तीतल्या मुलांना दर्जेदार शाळा मिळाली आणि ज्यू विश्वस्तांनी दारे लावून घेतली नाहीत. मात्र तोराच्या टप्प्यांचे सोहळे आता त्या इमारतींत व्हायचे कारण उरलेले नाही. ते सिनेगॉगांत, समाजकेंद्रांत आणि 1962 पासून मुंबईत काम करणाऱ्या ऑर्ट संस्थेसारख्या ठिकाणी होतात.

कायद्याची वाट मोकळी आहे. घटनेचे तिसावे कलम अल्पसंख्याकांना शाळा चालवू देते, अठ्ठाविसावे कलम धर्मशिक्षणाला पालकांच्या संमतीची अट घालते आणि महाराष्ट्राने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. हा दर्जा शंभर वर्षे आधी उपयोगाचा होता. आता वर्ग भरेल एवढी मुलेच एका ठिकाणी नाहीत. कोकणातल्या अडचणीला तर कायद्याचा इलाज नाही : अलिबागचे मागेन अबोथ, रेवदंड्याचे आणि पेणचे सिनेगॉग उभे आहेत, पण सेफेर काढून जाहीर वाचायला दहा प्रौढ पुरुष लागतात. मुलगा तयार असेल, भाग पाठ असेल, तरी दहा जण जमेपर्यंत बार मित्सवा होत नाही. मग कुटुंब ठाण्याला किंवा मुंबईला जाते.

इस्राएलमध्ये गेलेल्यांची कथा सरळ नाही. 1962 ते 1964 अशी दोन वर्षे तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नसंबंधांवर प्रश्नचिन्ह लावले, जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले, तेव्हा कुठे संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचा ठराव केला. शमा सोडून दुसरी प्रार्थना वा पुस्तक नसताना धर्म राखणाऱ्यांना ग्रंथवाल्यांनी पुरावा मागितला. त्यांची नातवंडे आता दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा इथल्या शाळांत जातात. तिथे दुसरीच्या मुलांना पालकांसमोर तोराची प्रत देण्याचा कार्यक्रम निधर्मी सरकारी शाळांतही होतो, आणि त्या प्रतीला घरून कापडी वेष्टन शिवून आणण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. म्हणजे दिवेकर जी वस्तू आणायला कोचीनला गेले, तिची छापील प्रत या मुलाला सातव्या-आठव्या वर्षी वर्गातच मिळते, हिब्रू तर त्याची बोलीच. मलिदा घरी होतोच; तो समुद्रापार नीट टिकला. कीर्तनाला मात्र मराठी कळणारा श्रोता लागतो. मायबोली हे त्यांचे मराठी नियतकालिक तिथे निघाले, काही बाया अजून जुनी पदे एकत्र बसून म्हणतात, पण योसेफाचे आख्यान लावले तर पूर्वरंगापासून उत्तररंगापर्यंत समजून घेणारी मुले तिथे नाहीत. ती पोरे ते पान थेट हिब्रूत वाचतात, आणि आजीला हिब्रू कमी येत असेल तर गोष्ट तिलाच समजावून सांगतात.